अभिमन तांबटाची धडधड

सोनगीरच्या तांबट आळीत, भर दुपारी हंड्याच्या बुडाला ठोके देता देता अभिमन तांबटाच्या हातातून हातोडा गळून पडला. छाती धडधडू लागली, तळव्यांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली. 'आता आपण मरतो' एवढा एकच विचार डोक्यात आला, आणि तोही अगदी ठाम. तो खांबाला टेकून बसला, पाणी प्यायला, आणि घटकाभरात सगळं आपोआप निवळलं. मेला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एकदा जेवताना, एकदा दाढी करताना. बरं, माणूस कसा? तर चेपलेली घागर नुसत्या मुठीने सरळ करणारा. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. एकुलती एक लेक, नाव सुंदर, तिचं धुळ्याच्या जीवरामशेट भांडीवाल्यांच्या मुलाशी जमत आलेलं. घाबरण्यासारखं काही नव्हतंच, आणि तीच तर पंचाईत होती. ताप आला तर लोक काढा देऊन मोकळे होतात. दुखण्याला कारण नाही म्हटलं, की अख्ख्या आळीला ते शोधायची हौस येते.

"नजर लागनी," अभिमनची बायको ताईबाई म्हणाली, आणि तिने मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसक्याने घरदार खोकलं, धडधड होती तिथेच राहिली. वैद्यबुवांनी वात सांगितला आणि हरभऱ्याची डाळ बंद केली. शेजारच्या लोटनने तर, "घाबरानं काम बायासनं! गडी मानूसले असं काय व्हत नही," म्हणून विषयच मिटवून टाकला. अभिमनला मात्र खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी भ्यालो नाही, तर माझं अंग कुणाला भ्यालं? हा प्रश्न त्याने वैद्यबुवांना विचारला, तेव्हा त्यांनी मुगाची डाळही बंद केली.

शेवटी नथ्थू नाना आले. आळीतले सगळ्यात वडील. त्यांनी अभिमनच्या छातीला कान लावला आणि डोळे मोठे केले.

"अरे, हाऊ तर हातोडाना आवाज शे! इतला वरीस ठोके ऐकात, त्या बठ्ठा छातीम्हा जाई बसनात. आते मझारतून ठोकी ऱ्हायनात!"

"मंग उपाय काय, नाना?"

"आवाज बंद. बठ्ठी आळी बंद!"

ऐन लग्नसराई होती हो! घरोघरी हंडे-कळशांची मागणी पडलेली. पण आळी प्रेमळ. एकेक हातोडा खाली ठेवला गेला. ताईबाईने सगळ्यांना शपथ घातली, "कोनले सांगू नका. धुळाले कळनं तर म्हनतीन, बापले येड लागनं, पोरले बी लागी. मनी सुंदरनी सोयरीक मोडी जाई."

हे ऐकून अभिमनची छाती पुन्हा उडू लागली. आपल्यापायी लेकीचं लग्न मोडावं, याचं त्याला मरणापेक्षा वाईट वाटलं. त्यात जीवरामशेट सुपारी फोडायची तारीख का कोण जाणे पुढे पुढे ढकलत होते. त्यांना कुणकुण तर लागली नसेल?

आळी शांत झाली, आणि अभिमनला जन्मात पहिल्यांदा स्वतःचं काळीज ऐकू आलं. आजवर त्या खणखणाटात ते कधी ऐकूच आलं नव्हतं. आता तो दिवसभर तेच ऐकत बसे. मध्येच किंचाळे, "नाना! एक ठोका हुकना!" नाना म्हणत, "म्हंजे आजून आवाज शे कोठे तरी." मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा निघाल्या, पोरांना नदीवर पिटाळलं, बाया कानात कुजबुजू लागल्या. कुजबुज पाहून अभिमनला वाटलं, वैद्यबुवांनी आपली आशा सोडली असणार. धडधड दुप्पट झाली.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरले. तांबट आळीतले ठोके एकाच कारणाने थांबत. आळीतलं कुणी गेलं तर. आग्रा रोडने जाणारे गाडीवान ही शांतता ऐकून विचारायचे, "कोन गया?" शपथेने बांधलेली माणसं मान खाली घालून म्हणायची, "अभिमनना घरनं शे. इचारू नका, भाऊ." बातमी धुळ्याला पोचेपर्यंत तिच्यात अभिमनचं दिवसकार्यही उरकलं होतं.

एका सकाळी दारात टांगा थांबला. जीवरामशेट आणि त्यांची बायको यशोदाबाई उतरली. ताईबाईने अभिमनला मागच्या खोलीत लोटलं, "भाईर निंघू नका!" आणि पदर सारखा करत ती दाराशी आली. यशोदाबाईंनी तिच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

"असं कसं झालं हो ताईबाई! चांगले धडधाकट होते!"

गुपित फुटलं! ताईबाईलाही रडू कोसळलं. "काय सांगू, एकदम व्हयनं. हंडा ठोकता ठोकता."

"शेवटी काही बोलले?"

"बोलतस ना! रोज बोलतस. 'मी मरी जासू', हाई एकच."

यशोदाबाईंचं रडणं थबकलं. "रोज बोलतात?"

जीवरामशेट खाकरले. "सुंदरची काळजी करू नका. तिचा बाप नसला, तरी आम्ही आहोत."

खोलीत अभिमनने हे ऐकलं. बाप नसला तरी? म्हणजे आपण जाणार हे धुळ्यापर्यंत कळलं, आणि आपल्यालाच कुणी सांगत नाही! तो तिरीमिरीत बाहेर आला.

"शेटजी, खरं सांगा! वैद्यबुवा काय म्हनना तुमले?"

जीवरामशेटनी मेलेला माणूस समोर पाहिला. चेहरा पांढराफटक पडला, हात छातीवर गेला, आणि ते मागच्या हंड्यांच्या उतरंडीवर कोसळले. हंडे गडगडत पार रस्त्यावर गेले. "आवाज कोनी कया?" ओरडत नथ्थू नाना धावत आले.

अभिमन स्वतःचं सगळं विसरून शेटजींच्या शेजारी बसला. ही लक्षणं त्याच्या पाठ होती.

"हातले मुंग्या?"

"हो."

"घसा कोरडा?"

"हो!"

"आते मरस असं वाटस?"

"वाटतंय काय, मेलोच!"

"मरत नही, शेटजी. माले रोज व्हस. येस तसं जास. बसा, मी शे आठे."

ताईबाईने कपाळावर हात मारला. इतके दिवस आळीने जिवापाड जपलेलं गुपित नवऱ्याने व्याह्यांच्या तोंडावर सांगून टाकलं होतं.

हळूहळू शेटजींचा श्वास ताळ्यावर आला. त्यांनी अभिमनचा हात चाचपून माणूस जिवंत असल्याची खात्री केली. "रोज? तुम्हालाही?"

"तुमले बी?"

"कितीतरी वर्षं! दुकानात, देवळात, कधीही. कारण म्हणाल तर काही नाही." शेटजींचा आवाज उतरला. "म्हणून तर सुपारी फोडायला टाळत होतो. आमच्या घरात हे असलं आहे कळल्यावर तुम्ही मुलगी दिली असती?"

अभिमनचे डोळेच भरून आले. जगात असा दुसरा माणूस आहे, हे त्याला आजच कळत होतं. तो सरकून जवळ बसला आणि हावरटासारखा विचारू लागला, "तुमना वैद्यनी काय बंद करं?"

"भात. आणि वर्तमानपत्र."

"मनी डाळ! तुमले बी म्हनतस का, मनवर लेऊ नका?"

"रोज! जणू मीच हौसेनं घेतो!"

दोघे इतके हसले की ताईबाई आणि यशोदाबाई घाबरून एकमेकींकडे पाहू लागल्या. सुपारी त्याच दिवशी फुटली. आळीत पुन्हा ठोके सुरू झाले. धडधड काही गेली नाही, पण अभिमनने तिची विचारपूस करणं कमी केलं.

साखरपुड्याला मांडव माणसांनी भरला होता. भटजींनी मंत्र सुरू केले आणि अभिमनच्या तळव्यांना मुंग्या आल्या. त्याने समोर पाहिलं, तर जीवरामशेट कोटाची बटणं सोडत होते. दोघे गुपचूप उठले आणि मांडवामागच्या निंबाखाली जाऊन शेजारी शेजारी बसले.

"आज कशी काय?"

"जरा जोरम्हा शे."

"बसू मग थोडं."

मांडवात कुजबुज सुरू झाली. दोन्ही बाप उठून गेले, काही बिनसलं की काय? तेव्हा नथ्थू नानांनी धुळ्याच्या पाहुण्यांना अधिकारवाणीने कारण सांगितलं, "काय बिघडेल नही. या दोन्ही व्याहीसले एकमेकबिगर करमत नही, म्हनीसन उठी गयात."

नानांचं निदान जन्मात पहिल्यांदाच बरोबर आलं.