शालिकमामांचं वार्निशवालं तोरण

आंबा कापला की माणसं फोडीकडे पाहतात. आमचे शालिकमामा कोयीकडे पाहतात. तुमची चोखून होईपर्यंत हात पुढे करून उभे! धुऊन, वाळवून ते तिचं शोभेचं घुबड करणार. मुर्री गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या माणसाच्या घरून कचरा म्हणून निघत नाही. सीताफळाच्या बियांच्या माळा, मक्याच्या सालीची फुलं, बांबूच्या तुकड्यांचे दिवे. "फुकटात घर सजते, मंग लोकं दुकानात काऊन जातेत?" हे त्यांचं पालुपद.

एकदा कामठा गावी एका लग्नात मामा सापडेनात. पाहतो तर उष्ट्या पत्रावळींपाशी बसून टरबुजाच्या बिया वेचताहेत. वधूपित्याला वाटलं, पाहुण्याचं पोट भरलं नाही. त्याने हात धरून पुन्हा पंगतीला बसवलं. मामा दुसऱ्यांदाही जेवले, आणि बिया घेऊनच उठले.

पण खरी मिजास तोरणाची. नवं धान आलं की आमच्याकडे लोंब्या गुंफून दाराला टांगतात. दाराला शोभा, चिमण्यांना दाणे. हे काम मामींचं. मामी उन्हाळ्यात गेल्या, म्हणून यंदा ते मामांनी हाती घेतलं, सुधारणेसकट. लोंब्यांवर चकचकीत वार्निश!

"तुया मामीचं तोरण महिन्यात सफाचट होये," ते छाती काढून म्हणाले. "हे दहा वर्सं हालत नाई."

चारच दिवसांत मामा स्टुलावर चढून तेच तोरण ओढून काढताना दिसले.

"काय मामा, झाली दहा वर्षं?" मी चिडवलं.

मामा हसले नाहीत. "चिमण्या आल्या, चोच मारली अन् उडून गेल्या. मंग एकबी नाई फिरकली." तोरण त्यांनी खाली टाकलं. "तुयी मामी गेल्यावर माया घरी जेवाले कोण येते, बापू? मले वाटलं, ह्या तरी येतीन."

मी स्टूल धरलं. मामांनी कोऱ्या लोंब्यांचं ओबडधोबड तोरण बांधलं आणि आम्ही दोघं दाराआड बसून राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग एक चिमणी आली, लोंबीला लटकली, दाणा सोलू लागली. मी आनंदाने तोंड उघडलं, तोच मामांनी माझा गुडघा घट्ट दाबला.

"हालू नोको, बापू," ते कुजबुजले. "जेवू दे तिले."