आठ वस्तूंचा संसार

माणसाला जगायला आठ वस्तू पुरतात. हे मी म्हणत न्हाई, भंतेजी म्हणले. पर ते एकदाच म्हणले अन् मी रोज म्हणायलो, अशी आमच्या माजलगावात माझ्याबद्दल तक्रार हाय.

पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात संध्याकाळी प्रवचन असायचं. भंतेजींनी सांगितलं, भिक्खूपाशी आठच वस्तू असतात. अंगावरची तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, वस्तरा, सुई अन् पाणी गाळायचं फडकं. मी घरी येऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो. मांडणीवर भांडी अशी खेटून बसलती, जणू सणाच्या दिवशी बीडच्या गाडीत जागा धरलीय. अन् जेवणारे आमी दोघं. पोरगी पुण्याला नोकरीला. ती एका पातेल्यात शिजवती, त्याच पातेल्यात खाती, अन् आमच्यापेक्षा खूश हाय.

मी ठरवलं, घर मोकळं करायचं.

बायको राजश्री तवा धारूरला माहेरी गेलती. तिच्या आईच्या, मुक्ताबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालतं. ती यायच्या आत काम उरकायचं. तिनं दार उघडावं अन् म्हणावं, "अगं बाई, किती हवा खेळती घरात." माझी एवढीच अपेक्षा.

भांडी उघड वाटली असती तर कुणी घेतली नसती. त्याला कारण हाय. आमच्या ऑफिसात अंगठ्याचं हजेरी मशीन आलं, तवा मी नव्या साहेबाला सांगितलतं की अंगठा ठेवताना 'जय हिंद' म्हणलं न्हाई तर हजेरी लागत न्हाई. साहेब आठवडाभर सावधान उभं राहून हजेरी लावत होते. तवापासून मी कुणाला चहा पाजला तरी माणूस आधी कपात वाकून बघतो. म्हणून गुप्त दान करायचं ठरवलं. वर्षावास संपला त्या दिवशी विहारात भोजनदान होतं. पातेली, पराती घरोघरून मागवलेल्या. मी बी दोन पोती भांडी मोटारसायकलला बांधून नेली, चुलीमागच्या ढिगात मिसळून टाकली, पंगतीत जेवलो अन् घरी येऊन झोपलो. घर असं मोकळं झालतं की एकदा खोकलो तर दोनदा ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर माणिकराव भेटले. रिटायर मास्तर. विहाराचं सगळं सामान त्यांच्याकडं. माणूस इतका इमानदार, की शेजाऱ्याच्या लिंबाचं पान अंगणात पडलं तर नेऊन देईल.

"मोहन, काल लई घोळ झाला," म्हणले. "दोन पोती भांडी जास्तीची निघाली."

"असू द्या की विहाराला," मी म्हणलो.

"असू द्या कसं? दुसऱ्याची वस्तू हाय. मी चष्मा लावून एकेकावरचं नाव वाचलं. आपल्या वस्तीतलं एक बी न्हाई. धारूर, गेवराई, पाटोदा. बाहेरगावचे उपासक आलते ना, त्यांची राहिली असणार."

मी कप तसाच खाली ठेवला.

आमच्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव कोरतात. देणाऱ्याचं कोरतात. घेणाऱ्याचं बी कोरायला पायजे, पर कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. म्हणून माझ्या मेहुण्यानं आमच्या लग्नात दिलेल्या पितळी हंड्यावर फक्त 'समाधान वाव्हळ, धारूर' एवढंच होतं.

"मग काय केलं त्याचं?" मी विचारलं.

"ज्याचं त्याला धाडून दिलं. धारूरचा हंडा सकाळच्या जीपनंच गेला. बाकीची भांडी घेऊन गाडीवाले बी संध्याकाळपर्यंत निघतेन." माणिकरावांनी समाधानानं बशी तोंडाला लावली. "अन् रिकामं भांडं कुणाच्या घरी धाडू नये. बुंदी उरलती, ती भरून दिली."

आता एक सांगतो. आमच्या सोयऱ्याधायऱ्यात भांडणं होतात, बोलणं बंद होतं, एकमेकाच्या लग्नात न जेवता उठतात. पर आहेर कुणी वापस करत न्हाई. आहेर वापस म्हणजे नातं मिटलं. अन् मी तो वापस केलता. बायको माहेरी बसलेली असताना. वर बुंदी भरून.

फोन वाजला. समाधान.

ह्या माणसाचं किराणा दुकान हाय, एरवी फोनवर बी गिऱ्हाइकाला बोलल्यासारखा वरडतो. आज आवाज लई खाली होता.

"दाजी, हंडा पोचला."

"हां, त्याचं काय झालं—"

"बुंदी बी पोचली."

"अरे, ऐक तर."

"एवढंच सांगा. मस्करी हाय का खरं हाय?"

हा सवाल मला आयुष्यभर सगळ्यांनी विचारला. मस्करी म्हणावं, तर त्याच्या बहिणीच्या आहेराची मस्करी. खरं म्हणावं, तर बायको धारूरलाच राहिली. मी मधला रस्ता काढला.

"समाधान, मी आठ वस्तूंत राहायचं ठरवलंय."

तो म्हणला, "त्या आठात ताई हाय का न्हाई?"

"ताई काय वस्तू हाय का?"

"म्हणजे न्हाई," म्हणला अन् फोन ठेवला.

ऑफिसात डोकं दुखायलंय म्हणून सांगितलं. कुणाला खरं वाटलं न्हाई. मोटारसायकल काढली अन् तसाच धारूरला निघालो.

समाधानच्या घरी बैठकीत मधोमध हंडा ठेवलता. आळीतल्या बाया त्याच्याभोवती बसलत्या अन् दुःखी चेहऱ्यानं बुंदी खात होत्या. मुक्ताबाई ऑपरेशनचा काळा चष्मा लावून खाटेवर. राजश्री स्वयंपाकघराच्या दारात.

"कशाला आलात?" ती म्हणली.

"तुला न्यायला."

"कुठं? घरात काय ठेवलंय?"

"एक पातेलं हाय. दोन ताटं हायेत."

"दुसरं ताट कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच की."

एका बाईनं हातातली बुंदी वापस हंड्यात टाकली. मला जरा धीर आला. मी सगळं सांगितलं. भंतेजी, आठ वस्तू, गुप्त दान, माणिकरावांचा चष्मा. सांगून झाल्यावर समाधाननं बहिणीकडं बघितलं. तिनं आईकडं बघितलं.

"भंतेजींचं बरोबर हाय," मुक्ताबाई म्हणल्या. "माणसानं कमीत राहावं."

"मी तर तेच म्हणायलो," मी म्हणलो.

"पर जावईबापू, मला सध्या नीट दिसत न्हाई म्हणून इचारते. तुमी दिलेल्यात तुमचं काय काय होतं?"

"भांडी."

"ती लेकीची. आणखी?"

"पोळपाट."

"पोळ्या तुमी लाटता का?"

मी हंड्यातली बुंदी बघायलो.

"ती फिरती खुर्ची हाय ना तुमची, तिचं काय केलं?"

"ती हाय घरी."

"भितीवरचा मोठा टीव्ही?"

"हाय."

"अन् मोटारसायकल?"

"भायेर उभी हाय."

बायांनी माना वळवून भायेर बघितलं. नवी होती. गेल्या महिन्यातच घेतलती.

राजश्री माझ्याजवळ आली. रागात न्हवती, तेच वाईट. तिनं माझ्या शर्टाच्या खिशातून चावी काढली अन् भावाच्या हातात ठेवली.

"घे. आमच्याकडून आहेर. हंड्यानं तुटलेलं ह्यानं जोडलं."

"न्हाई न्हाई ताई, असं कसं," म्हणत समाधाननं चावी खिशात घातली.

"आता सांगा," ती माझ्याकडं वळली. "तुमचं ते आठ वस्तूंचं. खरं हाय का मस्करी?"

सगळी बैठक माझ्या तोंडाकडं बघायली. मुक्ताबाईंनी चष्मा वर केला, डॉक्टरनं न्हाई म्हणलेलं असताना.

"खरं हाय," मी म्हणलो.

"मग चला घरी," ती म्हणली अन् पिशवी घ्यायला आत गेली. माझा जीव भांड्यात पडला. समाधान आमाला गाडीवर स्टँडपर्यंत सोडतो म्हणत होता. त्याच गाडीवर. मी चालत जातो म्हणलो.

एसटीत राजश्री खिडकीला बसली. मी शेजारी, हंडा मांडीवर. गाडी घाट उतरायली तशी वाऱ्यानं तिच्या केसाची बट हलायली. मला वाटलं, एका गाडीत भागलं. बायको आली, मेहुणा खूश, म्हणजे स्वस्तातच सुटलो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गेवराईची मावशी. मावशीचं रडणं मागच्या सीटपर्यंत ऐकू येत होतं. परात पोचलती.

"न्हाई मावशी, नातं कसं तुटंल," राजश्री शांतपणे म्हणली. "आमी दोघं येतो ना रविवारी. ह्यांना तुमाला आहेर करायचाय."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला अन् खिडकीतून भायेर बघत राहिली. पाटोद्याचा फोन अजून यायचा होता.

मग माझ्याकडं न बघताच म्हणली, "अहो, टीव्ही भितीवरून तुमालाच काढता येईल, का मिस्त्री बोलवावा लागेल?"