डोकी खाली केलेले बगळे

मास्तर झोपायच्या खोलीतल्या पडद्याला इस्त्री करत होते, तेवढ्यात फोन वाजला. फोनवर लेक होती. "बाबा, जेवलात का?" या रोजच्या प्रश्नाला मास्तर रोज "हो" एवढंच उत्तर देत. पण आज त्यांना जरा सविस्तर बोलावंसं वाटलं.

"पडदे धुतले. आता इस्त्री करतोय."

"पडद्यांना कुठे इस्त्री करतात का, बाबा?"

"तुझी आई करायची," मास्तर म्हणाले. पलीकडे लेक मुसमुसली. तिला काय सांगून धीर द्यावा याचा मास्तर विचार करत असतानाच त्यांच्या नाकात जळका वास शिरला.

पडद्याला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं होतं. पडद्यावरच्या छापील नक्षीतले तीन बगळे जागच्या जागी खलास झाले होते आणि चौथ्याचे नुसते पाय उरले होते.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत मास्तरांनी घरातलं तिचं काही हलवू दिलं नव्हतं आणि काही बिघडूही दिलं नव्हतं. खरं तर हा पडदा त्यांना कधीच आवडला नव्हता. सगळी दुकानं पालथी घालून तिने तो आणला, स्वतःच शिवला आणि हौसेने टांगला. त्याच दिवशी मास्तर म्हणाले होते, "तू उलटा लावलायस. बगळे डोक्यावर पडतायत."

"पडत नाहीयेत. मासे धरायला सूर मारतायत."

"बगळा सूर मारत नाही. बगळा उभा राहतो."

"तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात राहत असेल."

हा वाद पुढे अनेक वर्षं चालला. रोज झोपताना मास्तर बगळ्यांकडे बघून सुस्कारा टाकत आणि ती दिवा मालवत असे. आता सुस्कारा त्यांचा, दिवाही त्यांनीच मालवायचा, आणि पडद्याला भोक.

त्यांनी जळक्या कडेलगतचा एक तुकडा कापला आणि तो घेऊन दुकानं हिंडले. कुणाकडेच तसं कापड नव्हतं. शेवटच्या दुकानदाराला त्यांचा चेहरा बघवेना. तो म्हणाला, "कलाशाळेच्या संदर्भ ग्रंथालयात जाऊन बघा. तिथे जुन्या छापील कापडांच्या नमुन्यांचे अल्बम असतात. मूळ नमुना मिळाला, तर त्यावरून कुणीतरी छापून देईल."

आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाला ग्रंथालयाची भीती नसते. पण हे ग्रंथालय वेगळंच होतं. पिशवी बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. पुस्तक घरी न्यायचं नाही, तिथेच बसून बघायचं. टेबलाशी ग्रंथपालबाई बसल्या होत्या.

"काय शोधताय?"

"पडदा."

"साधारण कुठल्या काळातला?"

"लेकीची दहावी झाली त्या वर्षीचा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "विणलेली नक्षी की छापील?"

"छापील."

"फुलं, पानं, भौमितिक आकार, पक्षी?"

"पक्षी."

"बसलेले की उडणारे?"

मास्तर अडकले. या मुद्द्यावर त्यांच्या घरात कधीच एकमत झालं नव्हतं. "दोन्ही बघतो," ते म्हणाले.

दोन्हीचे अल्बम मिळून एक कपाट भरलं होतं. मास्तर रोज जेवून निघत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसत आणि जाड पानांवर चिकटवलेले कापडाचे चौकोन एकेक करून बघत. मोर झाले, पोपट झाले, बदकं तर संपता संपेनात. इतके पक्षी त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. अमुक नमुना तिला आवडला असता, तमुक बघून तिने नाक मुरडलं असतं, असं मनातल्या मनात चालू असे. काही दिवसांनी ग्रंथपालबाई पुढचा अल्बम आधीच काढून ठेवू लागल्या. एकदा मास्तर सर्दीमुळे आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काल आला नाहीत?" मास्तरांनी सर्दीची हकिगत सविस्तर सांगितली.

मग एका दुपारी पान उलटलं आणि समोर बगळे आले. तोच निळसर राखाडी रंग, तीच लांब मान. नमुन्याच्या कडेला बाण छापला होता आणि बाणाशी लिहिलं होतं, 'वरची बाजू'. बगळे माना ताणून आभाळाकडे निघाले होते.

म्हणजे तिने पडदा उलटाच लावला होता. मास्तरांचं बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. त्यांनी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. एक मुलगी घड्याळांच्या चित्रांत गढली होती आणि कोपऱ्यात एक गृहस्थ पेंगत होते. इतक्या वर्षांचा वाद ते जिंकले होते आणि हरायला समोर माणूस नव्हतं.

खात्री करायला त्यांनी खिशातून आपला तुकडा काढून नमुन्याशेजारी ठेवला, ताडून पाहिला आणि परत खिशात घातला. शिपायाने पाहिलं ते नेमकं एवढंच शेवटचं.

"काका, खिशातलं बाहेर काढा."

"ते माझं आहे."

"सगळे असंच म्हणतात. बाई, इकडे या. हे नमुना घेऊन चाललेत."

घड्याळांवरची मुलगी वळून बघू लागली. कोपऱ्यातले गृहस्थ जागे झाले. मास्तरांनी तुकडा टेबलावर ठेवला. बाईंनी तुकडा पाहिला, पान पाहिलं. पानावरचा नमुना जागेवरच होता.

"मग हा कुठला?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी चाळीस चाळीस पोरांना ओरडून गप्प केलं होतं, पण आता त्यांचा आवाज जेमतेम बाईंपर्यंत पोचला. "माझ्या बायकोच्या पडद्याचा," ते म्हणाले. "मी जाळला. म्हणजे इस्त्री करताना जळला. ती असती तर जळला नसता." मग, कुणी विचारलं नसताना, ते म्हणाले, "तिने तो उलटा लावला होता."

शिपाई पाणी आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. बाईंनी स्वतः त्या पानाचा फोटो काढून दिला आणि कापड छापणाऱ्याचा पत्ता लिहून दिला.

छापणाऱ्याने फोटो पाहून मान डोलावली. "होईल. पण अख्खा तागा घ्यावा लागेल. एका खिडकीपुरतं छापणं परवडत नाही."

"छापा," मास्तर म्हणाले. तागा म्हणजे किती कापड, हे त्यांना तो दारात येऊन पडल्यावर कळलं.

शिंप्याने विचारलं, "वर कुठली बाजू?"

"डोकी खाली."

"उलटं दिसेल, मास्तर."

"दिसू दे. ते सूर मारतायत."

उरलेल्या कापडाचं काय करायचं हा प्रश्न होताच. फेकवेना, ठेवायला जागा नाही. मास्तरांनी भीत भीत शेजाऱ्यांना विचारलं. बायको गेलेल्या माणसाला कुणी नाही म्हणेना. एकाने घेतलं म्हणून दुसऱ्याने घेतलं, आणि बघता बघता सगळी इमारत शिंप्याकडे मापं देऊन आली. शिंप्याने मास्तरांचा शब्द प्रमाण मानून सगळ्यांचे पडदे डोकी खालीच शिवले. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली, तेव्हा मास्तरांनी त्यांना बगळ्यांच्या सवयी समजावून सांगितल्या.

त्यानंतर आठवड्याभराने, संध्याकाळी, मास्तर अल्बम बघून घरी परतत होते. नमुना सापडला तरी त्यांचं ग्रंथालयात जाणं सुटलं नव्हतं. बाई आता त्यांना मासे काढून देत होत्या. रस्त्याच्या वळणावर त्यांनी सवयीने मान वर केली. खिडकीत दिवा होता आणि उजेडात बगळे दिसत होते. ती घरी आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं. पुढचं काही आलंच नाही. ते भराभर जिना चढले आणि खिशात किल्ली असूनही त्यांनी घंटी वाजवली.

दार खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी उघडलं. त्या ड्यूटीवरून नुकत्याच आल्या असाव्यात. "मास्तर? काय झालं?"

मास्तरांनी दारावरची पाटी वाचली. एक मजला वरची आपली खिडकी अंधारीच होती, हे त्यांना आता आठवत होतं.

"मजला चुकला," ते म्हणाले.

नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आत खिडकीकडे पाहिलं. "भूगोलाचे मास्तर ना तुम्ही?" त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. "या. चहा टाकलाच आहे, थोडं पाणी वाढवते."

मास्तरांनी चपला काढल्या. ती गेल्यापासून ते कुणाच्या घरात गेले नव्हते.