सारंगांनी तिसरा अंक पाहिला ते वर्तमान

जो समुद्र वाट देतो आणि वाट काढूनही घेतो त्यास प्रथम नमन, मग पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या चंद्रास नमन, आणि शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध पक्षी समुद्रातील एका राज्यात कलामहोत्सव जाहला, त्याचे साद्यंत वर्तमान लिहितो. लिहिणार तिसऱ्या रांगेत बसला होता. डोळ्यांनी पाहिले ते लिहितो, पदरचे घालीत नाही.

राज्य लहान. घरे दोनशे चाळीस, गोड्या पाण्याची विहीर एक, बोट एक. परंतु कलेचा षोक ऐसा की मोठमोठ्या शहरांनी खाली मान घालावी. महोत्सवापूर्वी पंधरा दिवस धक्क्यावर फळा लागला, आणि त्यावर येणारे पराक्रम रंगीत खडूने मांडले गेले, की पंचमीस शाळेच्या पडवीत बालकांची चित्रे मांडली जातील आणि सात भजनी मंडळे एकमेकांवर चालून जातील, मग षष्ठीस परमुलखाचे जादूगार येऊन पेटीत घातलेले कोंबडे नाहीसे करतील आणि पाठोपाठ वाद्यवृंद होईल, आणि रथसप्तमीस दुपारी तीन वाजता देवळापुढील मांडवात तीन अंकी संगीत नाटक, नाव 'बुडत्या बेटाची राणी'. फळा वाचून प्रजा थक्क जाहली. ऐशी तीन दिवसांची गर्दी पूर्वी कधी नव्हती. कोंबडे कोणाचे घ्यावे यावर दोन वाड्यांमध्ये बोलाचाली जाहली, ती येथे लिहीत नाही.

आता राज्याचा कायदा ऐकावा. नाटकास पैलतीरावरून शंभरावर पाहुणे येत, ते भरतीच्या पाण्यावर बोटीने येत आणि ओहोटी लागली की त्यांना जावेच लागे, कारण खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, पाणी सरले की बोट रुतून बसे. म्हणून बोटीचा भोंगा वाजला की नाटकात राजा मरत असो की लग्न लागत असो, पाहुणे उठून धक्क्याकडे चालू लागत. आणि राज्याची दुसरी रीत ऐशी की नाटकापूर्वी सात मानकऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होई, आणि साती जण दोन शब्द बोलत, ते दोन शब्द सव्वा तास चालत. त्यामुळे भोंगा नेमका दुसऱ्या अंकाशेवटी वाजे. एकतीस वर्षे ऐसेच चालले. पैलतीराच्या माणसांनी या राज्यातील एकाही नाटकाचा तिसरा अंक पाहिला नव्हता.

आणि त्यांच्यासंगे ज्यांनी पाहिला नव्हता ते दुसरे बुधाजी सारंग, बोट चालविणारे. तो वाळूचा दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदली, त्यातून वाट काढणे एकट्या सारंगांस ठाऊक. भोंगा त्यांच्याच हाती. पाहुण्यांस पैलतीरी सोडून त्या रात्री सारंग तिकडेच बोटीत निजत, कारण परतायला पाणी नसे. बोटीत बसले की पाहुणे विचारीत, सारंग, पुढे काय जाहले असेल, आणि सारंग सुकाणू न सोडता मनाने रचून शेवट सांगत. त्यांच्या सांगण्यात कोणी मरत नसे. हरवलेला लेक परत येई, राजास राज्य मिळे, आणि पाहुणे समाधानाने उतरत. एकतीस नाटके सारंगांनी ऐशी तारली.

त्या वर्षी राणीचे काम सारंगांच्या कन्येकडे आले. नाव कस्तुरा, वय चोवीस, आई लहानपणीच गेलेली, बापाने एकट्याने वाढविलेली. अंगणवाडीत मुले सांभाळी. राणीचे मोठे काम सगळे तिसऱ्या अंकात. सारंगांनी धक्क्यावर फळा वाचला, कन्येचे नाव तेथे पिवळ्या खडूने लिहिले होते, ते पुनः वाचले, आणि दोर सोडावयास गेले. परंतु कन्येने बापाचे तोंड पाहिले होते.

मग कस्तुरा महोत्सवाच्या मंडळापुढे गेली आणि म्हणाली की माझ्या बापाने तिसरा अंक पाहावा, त्याची तजवीज करा. मंडळात मोठी मसलत बसली. एक म्हणाले, दुसरा कोणी बोट नेईल. त्यांस आठवण दिली की चार वर्षांमागे जत्रेच्या दिवशी दुसऱ्याने नेली तेव्हा नव्वद माणसे सहा तास वाळूत बसून होती. दुसरे म्हणाले, पाहुणे रात्री राहोत. परंतु विहिरीने त्या वर्षी पौषातच तळ दाखविला होता, शंभर माणसांस पाणी कोठून द्यावे. तिसरे बुद्धिमंत होते, ते म्हणाले की तिसरा अंकच पहिला करावा. यावर कस्तुरा म्हणाली की आधी मरून मग दोन अंक गाणी म्हणणे मला जमणार नाही. मग ती हळूच म्हणाली की सत्कार नाटकानंतर ठेवले तर. नाटकानंतर सत्कार म्हणजे पाहुणे गेल्यावर सत्कार, आणि परक्यांनी पाहिला नाही तो सत्कार कसला. शाली आणलेल्या होत्या. मुख्याध्यापकांचे भाषण अकरा पानांचे तयार होते. सर्वांनी सरपंच सदोबा मयेकर यांच्याकडे पाहिले, ते म्हणाले पाहू, आणि सभा उठली. पाहू म्हणजे नाही, हे राज्यात पोरासोरांसही ठाऊक.

पंचमी आणि षष्ठी नाव राखून पार पडल्या. कोंबडे नाहीसे झाले ते झालेच, जादूगारासही सापडले नाही. सप्तमीस भरतीबरोबर एकशे बारा पाहुणे उतरले, मांडव भरला, आणि तीन वाजता सात मानकरी व्यासपीठावरील सात खुर्च्यांवर स्थानापन्न जाहले. सारंग रीतीप्रमाणे मांडवाच्या तोंडाशी पाण्यावर डोळा ठेवून उभे. सरपंच उठले. ध्वनिक्षेपक हाती घेतला. प्रजेने सव्वा तासाच्या तयारीने भुईमुगाच्या शेंगांच्या पुड्या सोडल्या. आणि सरपंच काय बोलले तर,

"माका काय बोलूचा नाय. पडदो उघडा."

ऐसे म्हणून ते खाली उतरले, आणि स्वतःची खुर्ची स्वहस्ते उचलून पहिल्या रांगेत ठेवली, सारंगांस तीवर बसविले आणि आपण मातीत बसले. मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग एकेक करून बाकीचे सहाही उतरले. मुख्याध्यापकांनी अकरा पानांची घडी करून खिशात ठेवली. लढाया टाकलेले राजे ऐकिले आहेत, परंतु हातातले भाषण टाकलेला मनुष्य लिहिणाराने याच डोळ्यांनी प्रथम पाहिला, आणि अंगावर काटा आला.

नाटक सुरू जाहले, दोन अंक संपले, आणि पाणी अजून होते. तिसरा अंक उघडला. त्यात ऐसे की राणीचे बेट बुडते आहे आणि बोट एकच. राणी सर्व प्रजेस बोटीत बसविते, जागा पुरत नाही, म्हणून आपण मागे राहते. कस्तुरा एकटी उभी राहिली, निळे लुगडे दोन बाजूंनी वर चढू लागले, तेच समुद्र, आणि ती म्हणाली की आता बोट परत येणार नाही. तेव्हा पहिल्या रांगेतून सारंग उठून उभे राहिले. नाटकात बोलू नये हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. ते मोठ्याने नव्हे, रोजच्या आवाजात, राणीकडे पाहून म्हणाले,

"पाणी आसा अजून. एक खेप जातली."

कोणी हसले नाही. वाटले की आता नाटक मोडले. मग तिने बापाकडे पाहतच आपले वाक्य म्हटले, की ज्यांना नेलेत त्यांना सांभाळा, आणि लुगडे तिच्या डोक्यावरून गेले आणि पडदा पडला.

आणि पुढे नवल जाहले. एकशे बारा पाहुणे जागचे हलले नाहीत. एकतीस वर्षे ते भोंग्याने उठत आले होते, नाटक संपले म्हणजे काय करावे हे त्यांस ठाऊक नव्हते. टाळीही नाही. सारंग उभेच होते, पडद्याकडे पाहत. गाल भिजले होते, ते पुसण्याचेही भान नव्हते. बाहेर पाणी सरत होते आणि भोंगा वाजविणारा जागेवर नव्हता. शेवटी कस्तुरा पडद्याखालून वाकून बाहेर आली, राणीच्या वेषाने बापापाशी गेली, आणि त्यांचा दंड धरून म्हणाली,

"बाबा, संपला नाटक. मी आसंय. पाणी जाता, पावण्यांका पोचवा."

मग सारंग गेले, भोंगा वाजला, आणि दांड्यावरून बोट कशीबशी पार जाहली. येणेप्रमाणे राज्यात प्रथमच पाहुण्यांनी नाटक शेवटपर्यंत पाहिले. त्या रात्री सारंग पैलतीरी निजले नाहीत. पाहुणे उतरताच बोट फिरविली, ती दांड्यावर रुतली, तशीच नांगरून कमरेइतक्या पाण्यातून चालत दिवेलागण टळून गेल्यावर घरी आले, कन्या चुलीपाशी बसलेली पाहिली, आणि मग ओले कपडे बदलले. इति वर्तमान, पाहिले तैसे लिहिले.