बाथरूमच्या दारावरचा समुद्र

"समुद्र घरातच करता येतो," जावयाने जेवता जेवता जाहीर केलं. "त्याला पाणी लागत नाही. हिरवा कपडा लागतो."

सासरेबुवांचा घास तोंडापाशी थांबला. त्यांचं खिळे, कड्या, कुलपांचं दुकान होतं, आणि जी वस्तू ठोकता येत नाही तिच्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. चांगली नोकरी सोडून सिनेमा काढायला निघालेल्या या माणसावर तर मुळीच नव्हता. पण जावई म्हटल्यावर अहो-जाहो करणं भाग होतं.

"रविवारी हॉल तुमचा," ते म्हणाले. "सिनेमा बघण्याजोगा झाला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर सोमवारपासून माझ्याबरोबर दुकानात बसायचं. कबूल?"

"कबूल, बाबा," जावई म्हणाला खरा. दुकानात तो एकदा तासभर बसला होता, तेवढ्यात त्याने एका गिऱ्हाइकाला तीन प्रकारचे स्क्रू दाखवून तिन्ही एकात एक मिसळून ठेवले होते. ते निवडायला सासरेबुवांना आठवडा लागला.

तर युक्ती अशी होती. हिरव्या पडद्यासमोर माणूस उभा करायचा, त्याचं शूटिंग करायचं आणि मग कॉम्प्युटरला सांगायचं, जिथे जिथे हिरवं दिसेल तिथे समुद्र भर. स्टुडिओतला तयार पडदा परवडणारा नव्हता, म्हणून जावयाने शाळेच्या गणवेशाच्या दुकानातून उरलेला हिरवा तागा उचलून आणला. कपड्याला सुरकुती चालत नाही, म्हणून रविवारी सकाळी बायको आणि सासूबाई आतल्या खोलीत आळीपाळीने इस्त्री फिरवत बसल्या. एवढा पडदा मावेल अशी भिंत घरात एकच होती आणि तिच्या मधोमध बाथरूमचं दार होतं.

"दाराचं काय करायचं?" बायकोने विचारलं.

"अगं, पडदा लावला की दार आहे हे कळणारसुद्धा नाही," जावई छाती फुगवून म्हणाला.

त्याचं बोलणं शब्दशः खरं ठरलं. दुकानातलेच लांब खिळे आणून त्याने पडदा वरून पक्का ठोकला आणि खालचा भाग जमिनीवर मोकळा पसरला.

मग त्याने सगळ्यांना शिस्त समजावली. मी 'ॲक्शन' म्हटलं की कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी 'कट' म्हटल्याशिवाय कॅमेरा बंद करायचा नाही. कॅमेरा बायकोकडे होता. सासूबाईंच्या एका हातात टेबलफॅन आणि दुसऱ्यात पाण्याचा मग, म्हणजे वादळाचं खातं त्यांच्याकडे होतं. कप्तान झाला होता मेहुणा. लाट येते आणि कप्तानाला उचलून आपटते, एवढाच प्रसंग. पण मेहुण्याला पडताच येईना. तो आधी मागे वळून जागा बघे, मग पँट गुडघ्याशी वर ओढे आणि मग पाहुण्यांच्या सोफ्यावर टेकावं तसा अलगद खाली बसे.

"अरे, तू बुडतोयस," जावई कळवळून म्हणाला.

"भाऊजी, फरशी कडक आहे हो," मेहुणा म्हणाला.

इकडे सासरेबुवा कटिंगला गेलेत अशी घरात सगळ्यांची समजूत होती. ती त्यांनीच करून दिली होती. कटिंगचं नाव सांगायचं आणि गुपचूप बाथरूममध्ये शिरून केसांना कलप लावायचा, हा त्यांचा नेम होता. कलप वाळायची वाट बघत ते आत पेपर वाचत बसले. बाहेरची ठोकाठोक त्यांनी ऐकली, पण ठोकण्याचा आवाज त्यांना नेहमीच गोड वाटे. मग पेपर संपला म्हणून कलप ओला असतानाच त्यांनी दार उघडलं, तर पुढे हिरवीगार भिंत.

"ॲक्शन," बाहेर जावई ओरडला.

"अगं ए, हे दार कोणी बुजवलं?" आतून आवाज आला.

सासूबाईंनी नवऱ्याचा आवाज बरोब्बर ओळखला. पण शिस्त म्हणजे शिस्त. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पंखा तेवढा मोठा केला.

मग समुद्र पुढे आला. पडद्याला आधी डोकं फुटलं, मग दोन हात फुटले, आणि त्या हातांनी चाचपडत कप्तानाची मानगूट धरली. "आई गं!" मेहुणा किंचाळला. हातांनाही माणूस लागल्याचा आनंद झाला असावा, कारण त्यांनी मिठीच मारली. दोघं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झोकांडले. सासूबाईंनी घाबरून अख्खा मग ओतला. मेहुणा जागा न बघता, पँट न ओढता धाडकन आपटला, आणि तेव्हा कुठे पडदा खिळ्यांसकट खाली आला. आतून टॉवेल गुंडाळलेले, कानांवर काळे ओघळ उतरलेले सासरेबुवा निघाले. 'कट' म्हणायला जावयाची जीभ उचलत नव्हती, त्यामुळे कॅमेरा चालूच राहिला.

"उद्या सकाळी दुकानात," सासरेबुवा एवढंच बोलले.

"बाबा, आधी बघा तरी," लेकीने गळ घातली. जावयाने टॉवेलचा भाग कापून टाकला, कॉम्प्युटरवर समुद्र भरला आणि संध्याकाळी शेजारच्या काकूसकट सगळे टीव्हीसमोर बसले. जावयाचा चेहरा निकालाच्या दिवशीसारखा झाला होता.

पडद्यावर समुद्र खवळला. हिरवं होतं तिथे पाणी भरलं होतं, पण ओल्या कलपाचा डाग कपड्यातून बाहेर उमटला होता आणि तो काही पुसला गेला नव्हता. त्यामुळे लाटांतून एक काळं, भलंमोठं डोकं वर आलं, कप्तानावर झेपावलं आणि त्याने त्याला गरागरा फिरवून आपटलं. मेहुण्याच्या तोंडावरची भीती तर शंभर नंबरी होती. शेजारची काकू डोळ्यांवर हात घेऊन बसली.

"बाई गं," ती म्हणाली, "तो राक्षस कोणी केला?"

कलपाचं गुपित फुटणार म्हणून सासूबाई पदराआड हसू दाबत होत्या.

"मी," सासरेबुवा म्हणाले आणि ताठ बसले. "जावईबापू, पुन्हा लावा."

तो प्रसंग त्या संध्याकाळी इतक्यांदा लागला की मेहुणा कंटाळून झोपायला गेला. जावई मात्र हवेत तरंगत होता. दुकान टळलं, कायमचं टळलं. त्या रात्री तो बाळासारखा झोपला.

सकाळी चहाच्या कपाशेजारी कसलासा खणखणाट झाला. सासरेबुवांनी दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे टाकला होता. त्यांचे केस ताजे काळेभोर होते आणि ते आरशासमोर वेगवेगळी तोंडं करून बघत होते.

"नऊला उघडा, उशीर करू नका," ते आरशातूनच म्हणाले. "मला आता जमायचं नाही. आमचं शूटिंग आहे."