बाबारावांचं सावळं फूल

आमचे शेजारी बाबाराव डफळे समुद्रफूल आणायला मद्रासला निघाले की मुलगी पाहायला निघाल्यासारखे निघत. इस्त्रीचा सदरा, काळी टोपी, पिशवीत नारळ. गल्लीतली माणसं ओट्यावरून ओरडत, "काऊन जी बाबाराव, पसंत पडली तं संगंच घेऊन येजा!" बाबाराव मागे न पाहता म्हणत, "पाय पाहीन, तोंड पाहीन, मंगच."

समुद्रफूल हे फूल नव्हेच, जनावर आहे. दगडाला पाय चिकटवून बसतं आणि अंगावरची बोटं पाण्यात हलवत राहतं. बोटांना विष असतं. भलता मासा आत शिरला तर मरतो, पण जोकर नावाचा नारिंगी मासा त्यातच संसार मांडतो. हे समुद्रात होतं. बाबारावांनी ते वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघेत केलं, जिथून समुद्र कोणत्याच बाजूनं जवळ नाही. मी चौथी शिकलेला, जिनात कापसाचे बोजे ओढलेला माणूस. मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण मी आज माझ्या घरात आहे तो त्या फुलामुळे आणि या माणसामुळे, म्हणून लिहायला बसलो.

बाबाराव वर्ध्याला टीसी होते. एकटा जीव. रेल्वेचा पास, त्यामुळे मद्रास त्यांना शेजारच्या आर्वीसारखं. तिथं एक ओळखीचा कोळी होता, तो खाली रामेश्वराकडून फुलं आणायचा. त्याच्याकडे बाबारावांचा पाहण्याचा कार्यक्रम व्हायचा. कोळ्याला ते आपल्या हिंदीत सांगत, "पलटा के दिखाव." मग फुलाचा पाय पाहायचे. पाय फाटलेला असला की उठले. तोंड सैल, उघडं पडलेलं असलं की उठले. बोट लावल्यावर बोटाला चिकटलं पाहिजे, नाही चिकटलं तर उठले. आणि रंग. पांढरं शुभ्र फूल दिसायला फार सुंदर, पण ते आजारी असतं म्हणे. तपकिरी, मातकट असलेलं धडधाकट.

"साऱ्या दुनियेले गोरी पाह्यजे," बाबाराव म्हणत, "मले सावळीच पाह्यजे."

आमची सुभद्रा, माझी बायको, त्यांची खोडी काढायला टपलेलीच. "भाऊजी, एवढं निरखून बायको केली असती तं आज घरात पोळ्या मिळाल्या असत्या."

"वहिनी, पाह्याले गेलतो नं मी. पण तिनंच मले पाह्यलं."

असं म्हणून स्वतःच खो खो हसत. त्या हसण्याच्या पुढे ते कधी गेले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

फूल आणायची तऱ्हाही पाहण्यासारखी. प्लास्टिकच्या डब्यात समुद्राचं पाणी, त्यात दगडासकट फूल, आणि डब्यात सोडलेल्या नळीला सायकलचा पंप. गाडीतले प्रवासी तिकिटं काढून बाकावर बसलेले, आणि टीसीसाहेब खाली मांडी घालून डब्यात हवा भरून राह्यले! कोणी विचारलं, "साहेब, पंक्चर कशाचं?" तर म्हणत, "वऱ्हाडी दमले, वारा घालून राह्यलो."

घरी काचेची पेटी. वीज असली की हवेचं यंत्र घुरघुरायचं. वीज गेली की ट्रकची ट्यूब. ती आधीच फुगवून कोपऱ्यात ठेवलेली असे, तिच्या तोंडाला बारीक नळी लावली की दुपारभर बुडबुडे. बाहेरचा माणूस पेटीपेक्षा ट्यूब पाहून जास्त घाबरायचा.

पहिलं फूल मात्र त्यांच्या हातानं मेलं. उन्हाळ्यात पेटीतलं पाणी उडून खाली जायचं, तसे बाबाराव मद्रासहून आणलेलं समुद्राचं पाणी वरून ओतत राहिले. फूल आखडलं, सुपारीएवढं झालं आणि एका दिवसात सडून सारी पेटी नासवून गेलं. त्या वासानं गल्लीनं दारं लावली. बाबाराव ओट्यावर डोकं धरून बसले. सुभद्रा ताट घेऊन गेली. सारं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, वरण आटलं तं तुमी त्याच्यात मीठ घालता का पाणी?"

बाबारावांनी घास खाली ठेवला. "बाप्पा! पाणी उडते. मीठ थोडंच उडते!"

पुढच्या वेळी उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी पडू लागलं, आणि दुसरं सावळं फूल टिकलं. त्या दिवसापासून ते बाबारावांचं फूल राहिलं नाही, वहिनीचं फूल झालं. "वहिनीचं फूल आज पसरलं," "वहिनीचं फूल रुसलं," असं गल्लीभर सांगत फिरायचे.

जोकरांची जोडीही आणली. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. सुभद्रा त्यांना बँडवाले म्हणायची, लग्नातल्या बँडवाल्यांचा कोट तसाच असतो म्हणून. बायको मोठी, नवरा तिच्या निम्मा. बँडवाले काही फुलाजवळ जाईनात. कोपऱ्यातल्या मडक्यात झोपायचे. मी म्हटलं, "बाबाराव, लोटून द्या त्यायले तिकडं."

"हट्! हात लावायचा नाई. फूल आपली जागा आपण पाह्यते, मासा आपलं फूल आपण पाह्यते. आपण फकस्त पाणी पाह्याचं."

आणि खरंच, फुलानं पेटीभर हिंडून एक दगड धरला. नंतर कधीतरी मोठ्या मासोळीनं त्याला शेपूट घासलं, पळाली, परत आली, पाठ घासली. असं करता करता एक दिवस दोघंही आत. बाबारावांनी गल्लीत साखर वाटली. सुभद्रेनं पेटीपुढे हळदीकुंकवाचं बोट लावलं, काचेला.

मग सुभद्रा गेली. काविळीनं. उन्हाळा तोंडावर होता.

मी तेव्हा कसा होतो ते लिहीत नाही. चूल पेटत नव्हती एवढंच. आमची एकच लेक, बेबी, कारंज्याला दिलेली. तिनं तेरवी झाल्यावर माझे कपडे ट्रंकेत भरले. "बाबा, इथं कोण हाये तुमचं? चला माह्यासंगं." पोरगी काही वाईट बोलत नव्हती. जावई गुणाचा. पण सुभद्रेनं ज्या भिंती सारवल्या त्या सोडून जायचं म्हणजे मला दुसऱ्यांदा तिला पोहोचवून येण्यासारखं होतं. हे मला बोलता येत नव्हतं. मी ट्रंकेकडे पाहत बसलो.

तेवढ्यात दारात आरडाओरडा. "सरका, सरका! हळू बे, काच हाये ते!" चौघंजण बाबारावांची पेटी उचलून आमच्या घरात शिरत होते. मागून बाबाराव, पोटाशी बादली. बादलीत दगड, दगडावर फूल.

"हे काय जी काका?" बेबी म्हणाली.

"माह्या घरावर टिनं. फूल उकडून मरून राह्यलं. तुमचं घर मातीचं, गार." पेटी आमच्या मधल्या खोलीत टेकली. "लक्षुमन, धर बादली," ते मला म्हणाले.

"काका, बाबा आज जाऊन राह्यले कारंज्याले. एसटीची वेळ झाली."

"ने नं मायबाई, ने. मी कोण नाई म्हननारा? पण मी राह्यतो ड्यूटीवर. दुपारी याच्यात गोडं पाणी कोण टाकन? वहिनीचं फूल हाये हे. मेलं तं तिले मी काय सांगू?"

"मंग हे सारंच घेऊन चला न कारंज्याले!"

"हलवायचं नाई. दोनदा हलवलं तं जगत नाई." आणि मग माझ्याकडे न पाहता, बादलीत पाहत म्हणाले, "दगडासकट उचलता आलं तं ठीक, बेबी. नुसतं ओढलं का पाय फाटते."

 बेबीनं ट्रंक उघडली आणि माझं एक धोतर काढून दांडीवर टाकलं. "पंधरा दिवसांनी येतो मी," म्हणाली. "जेवले नाई तं मासे नालीत फेकून देईन."

तिनं येऊन पाहिलं, परत गेली, पुन्हा आली. ट्रंकेची गोष्ट मग निघाली नाही.

तो उन्हाळा मी त्या पेटीवर काढला. खिडकीला ओली पोती, ट्यूबमध्ये हवा, गोडं पाणी. फुलाला घालायला सुके झिंगे भिजवून बारीक करायचे. ते झिंगे घरात आले की मलाही भाकर टाकावीशी वाटायची. रोज सकाळी बाबाराव कुंपणावरून विचारायचे, "उघडलं का?" मी सांगायचो. बस्स, एवढंच. सांत्वनाचा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून मी ऐकला नाही.

पावसाळा गेला, पोळा झाला. मी म्हटलं, "न्या आता तुमची पेटी." बाबाराव म्हणाले, "एकदा बसलं का हलवायचं नाई."

दिवाळीत फराळाचा डबा द्यायला मी त्यांच्या घरात गेलो. आत पाय ठेवला आणि थंड वाटलं. वर टिनं खरीच, पण टिनांखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाड थर बांधलेला, त्याला मातीचा लेप. खिडकीला खसची टट्टी, वाळ्याचा पडदा. माझ्या घरापेक्षा गार. मागचे सारे उन्हाळे फुलानं तिथंच तर काढले होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पेटीच्या जागी फरशीवर तिच्या पायांचे डाग होते. समोर बाबारावांची खुर्ची होती तशीच, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून.

मी डबा ठेवला आणि आलो.  दुसऱ्या दिवशी ती खुर्ची उचलून आमच्या मधल्या खोलीत आणून टाकली, पेटीसमोर. बाबाराव संध्याकाळी आले, खुर्ची पाहिली, बसले. "पाणी कमी दिसते," म्हणाले. कमी नव्हतं.

पुढच्या साली सुभद्रेच्या वर्षश्राद्धाला बेबी दुपारच्या एसटीनं येणार होती. सकाळी घरात मी एकटा. कुंपणावरून आवाज आला, "उघडलं का?"

मी म्हटलं, "नाई उघडलं."

बाबाराव ड्यूटीच्या कोटातच आत आले. पेटीत फूल परातीसारखं पसरलेलं. दोन्ही बँडवाले त्याच्यात लोळत होते. बाबारावांनी काचेजवळ वाकून पाहिलं.

"हो गड्या," म्हणाले, "मिटलंच हाये."

कोट काढून खुंटीला टांगला आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी ते ड्यूटीवर गेले नाहीत.