नानांच्या पिस्तुलाची मूठ

गौतमनानांकडे गेलं की पाण्याच्या आधी हातात पिस्तूल येतं. "धरा," नाना म्हणतात. नवा पाहुणा दचकतो. मग त्याला कळतं की ते शिसवाच्या लाकडाचं आहे.

"ट्रिगर ऱ्हाऊ द्या. मूठ बघा. कसं वाटायलंय?"

बरं वाटत नाही. मूठ लहान आहे, आणि सर्वांत खालची, करंगळीची खाच भलतीच तिरपी आहे. कोरताना पटाशी घसरली असावी, अशी आम्हा वालूरकरांची समजूत. तोंडावर कुणी बोलत नाही. 'छान आहे' म्हणायचं आणि चहाची वाट बघायची.

नाना एका शस्त्रांच्या कारखान्यात लाकडी नमुने करणारे कारागीर होते. फौजेसाठी एका नव्या पिस्तुलाचं घाटत होतं. त्याचा पहिला लाकडी नमुना नानांनी केला. त्यावरून पोलादी नमुने झाले, चाचण्या झाल्या आणि पिस्तूल नापास झालं. पुढे ते कधी बनलंच नाही. पोलाद वितळवलं गेलं. लाकूड साहेबांनी नानांना देऊन टाकलं. नापास होण्याची कारणं बरीच असणार. नाना एकच सांगतात.

"गोळी झकास सुटायची. पर मूठ कुण्या जवानाच्या हातात बसंना."

तेव्हापासून ते जगाकडे मुठीवरूनच बघतात. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला त्यांनी सुनावलं आहे, "तुझ्या कपाचा कान एका बोटाचा हाय. बाकीच्या बोटांनी काय करावं?" माझ्या पुतणीसाठी जिंतूरला स्थळ बघायला गेलो, तेव्हा नानांनी मुलाच्या हातात पिस्तूल ठेवलं. सगळी बैठक गार. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगं बरं हाय, गुरुजी. लय आवळून धरत न्हाई." लग्न झालं. चांगलं चाललं आहे.

यंदा सव्वीस जानेवारीला सरपंचांनी नानांचा सत्कार ठरवला. बॅनरवर 'वालूरचे शस्त्रसम्राट' अशी अक्षरं आणि नानांच्या डोक्यामागे तोफ. नानांनी आयुष्यात तोफेला हात लावलेला नाही. शाल झाली, नारळ झाला. मग सरपंचांनी माइकवरून जाहीर केलं की हे पिस्तूल आता ग्रामपंचायतीत, काचेच्या पेटीत, कुलपात राहील. टाळ्या पडल्या. नाना उठले.

"काचंत ठेवल्यावर धरायचं कसं?"

"नाना, ऐतिहासिक वस्तू हाय ही. गावाची शान हाय."

"शाल घ्या माघारी," नाना म्हणाले. पिस्तूल बंडीत खुपसलं आणि स्टेजवरून उतरले. बंडीत पिस्तूल खुपसून निघालेल्या माणसाला अडवायला कुणी धजावलं नाही. लाकडी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असूनही.

मी मागोमाग त्यांच्या घरी गेलो. "एवढं चिडायला काय झालं, नाना? काचेत नीट जपलं गेलं असतं."

नानांनी बंडीवरूनच पिस्तूल चाचपलं. मग म्हणाले, "साहेब म्हणले व्हते, जवानाच्या हाताला बसंल असं कर. घरी जवान कुठला आणू? सांजच्याला सुलोचना भाकरी करून उठली की तिच्याच हातात द्यायचो. कुठं टोचायलंय ते ती सांगायची. तेवढं घासायचो."

सुलोचनाबाई म्हणजे नानांच्या पत्नी. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही. निवृत्त होऊन नाना गावी आले ते एकटेच.

"आणि ही खाच कशी चुकली?"

"चुकली न्हाई, गुरुजी. तिची करंगळी वाकडी व्हती. लहानपणी दारात चेंगरलेली." ते जरा हसले. "चाचणीवाले साहेब इचारायले, हा हात कुणाचा हाय रे? आता साहेबाला काय सांगावं?"

"म्हणून येईल त्याच्या हातात देता?"

"बघतो, बसतंय का कुणाला." पिस्तूल त्यांनी बंडीतून काढलं. "न्हाई बसत," ते समाधानानं म्हणाले.

त्यांनी चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला. मग पिस्तूल मांडीवर घेऊन आपली करंगळी त्या तिरप्या खाचेत अडकवली, आणि त्यांचा चहा निवून त्यावर साय धरली तरी काढली नाही.